हेमिनला न दाखवलेला पाय

माझ्या उजव्या पायाची टाच पुढे आहे आणि बोटं मागे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. तोंडाने हे वाक्य म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि आता टाळलं असतं तर कागदावरही ते शेवटपर्यंत आलं नसतं.

मी विशाखा. वय पंचवीस. रायपुरला लागून असलेल्या बीरगांवात वाढले. बाबा उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते, आई घरी ब्लाउज आणि सलवार-सूट शिवते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, आजोबा कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आमची मराठी, दाराबाहेर हिंदी, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी. सोळाव्या वर्षी मला उजव्या मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला. तो बरा झाला. आज मी नवा रायपुरात एका ऑफिसात नोकरी करते आणि स्वतःच्या स्कूटीने जाते-येते.

ज्यांच्या मुलामुलींचं असं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. पण तेवढंच कारण सांगितलं तर ते खोटं होईल. दुसरं कारण हेमिन नावाची एक मुलगी आहे. तिच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

*

अकरावीत होते. सायकलवरून ट्यूशनला जायचे तेव्हा गुडघ्याच्या वर ठणकायचं. मग तिथे सूज आली. बाबा मला एका मालिशवाल्याकडे घेऊन गेले. तो तेल लावून अंगठ्याने दाबायचा, मी ओरडायचे, आणि बाबा माझे खांदे धरून म्हणायचे, "थोडं सहन कर बेटा, नस चढून राहिली, आत्ता बसते." असं तीन आठवडे चाललं.

पुढे सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "मालिश कराया था क्या?" बाबा म्हणाले, "जी." इतक्या बारीक आवाजात बोललेले बाबा मी त्याआधी ऐकले नव्हते. अशी सूज दाबायची नसते, एवढंच डॉक्टर म्हणाले. पण बाबांनी त्या दिवसापासून माझ्या पायाला हात लावला नाही, कधीच नाही. आजही नाही.

तपासणीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर दोन वाक्यं बोलले. "हड्डी का कैंसर है. इलाज है." आईने पहिलं ऐकलं, बाबांनी दुसरं. दोघं बाहेर येऊन त्यावरूनच भांडायला लागले. आणि मी? मला भूक लागली होती. सकाळपासून रांगेत होतो, पोटात काही नव्हतं, आणि समोर कॅन्टीनमध्ये समोसे तळत होते. कॅन्सर झाला आहे आणि आपल्याला समोसा हवा आहे, याची मला फार लाज वाटली. मी मागितला नाही.

आता कुणी नवीन पेशंट भेटली की मी आधी विचारते, काही खाल्लंस का?

*

औषधांबद्दल जास्त लिहीत नाही. सलाईन, उलट्या, केस गेले, तोंड आलं. सगळ्यांचं तसंच होतं. ऑपरेशनबद्दल मात्र सांगायला हवं, कारण आम्ही असलं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ मांडीच्या खालच्या हाडात, गुडघ्याला चिकटून. तेवढा भाग गुडघ्यासकट काढायचा. मग खालचा पाय, नस न तोडता, वर आणून मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडायचा, पण उलटा फिरवून. म्हणजे घोटा बरोबर दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो आणि गुडघ्याचं काम करतो. पाऊल वळतं तसा गुडघा वळतो. त्या पावलावर नकली पाय चढवायचा. धातूचा सांधा टाकता आला असता, पण माझी गाठ त्या मानाने फार पसरलेली होती. नाहीतर तिसरा मार्ग, मांडीतून पाय कापायचा.

आई म्हणाली, "उलटा? म्हंजे कसा उलटा?"

सर्जनने पुन्हा सांगितलं. आईने पुन्हा विचारलं. तेव्हा फिजिओथेरपीच्या शीला दीदी म्हणाल्या, "चित्र से नहीं समझेगा. मैं किसी को बुलाती हूँ."

दोन दिवसांनी भिलाईहून मन्नू भैया आले. तिशीचे असतील, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, बोलायला घाई फार. दारातून आत आले तेव्हा हाच तो माणूस हे मला कळलंच नाही. किंचित झोक जाऊन चालत होते, बस. खुर्चीवर बसले, पँट वर केली, पट्टा सोडला, नकली पाय काढून भिंतीला टेकवला.

आईने पदर तोंडाला लावला. मी पाहत राहिले. मांडीच्या खाली थेट एक पाऊल होतं, मागे तोंड करून.

"देख बहन," ते म्हणाले आणि पाऊल खाली केलं. "ये सीधा." वर केलं. "ये मुड़ा. बस, इतना ही काम है." मग पाय पुन्हा चढवून ते वॉर्डच्या पॅसेजमध्ये धावून दाखवायला लागले, आणि सिस्टरने त्यांना रागावलं.

मी एकच प्रश्न विचारला. "भैया, आपको शर्म नहीं आती?"

"आती है ना. बारिश में ज़्यादा. पैंट गीली होके चिपक जाती है."

मी हसले. औषधं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, हेच करू. निर्णय माझा होता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी ते नाकारलं.

*

ऑपरेशन होऊन पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. सगळे त्याबद्दल माझं कौतुक करायला लागले. मी शांत नव्हते. ते पाऊल माझं आहे हे मला पटलंच नव्हतं. सिस्टरने बोटाला टाचणीसारखं काहीतरी टोचलं आणि ते मला दुखलं, तेव्हा मला किळस आली. हो, किळस. स्वतःच्या पावलाची. तोच शब्द आहे, दुसरा सापडत नाही.

घरी आल्यावर आई रोज त्या पावलाला तेल लावायची. एका दुपारी ती नखं कापायला बसली. पाऊल उलटं असल्याने तिला कळेना कुठून बसावं, म्हणून ती पलंगाच्या मागच्या बाजूला गेली, वाकली आणि सवयीने म्हणाली, "पाय इकडे कर ना पोट्टे."

मी तिच्या हातावर लाथ मारली. त्याच पावलाने.

"तुमीच मले असं केलं," मी ओरडले. "सही कोनं केली? तूच केली ना! कापून टाकायचा होता."

नेलकटर पलंगाखाली गेलं होतं. आईने ते काढलं, पुसलं आणि उरलेली तीन नखं कापली. मी माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढची कित्येक वर्षंही नाही.

*

ज्यांना कामाची माहिती हवी आहे त्यांच्यासाठी हा भाग.

हाड जुळायला महिने जातात, तोवर त्या पायावर भार नाही. पण घोट्याचे व्यायाम लगेच सुरू. शीला दीदी म्हणायच्या, "अब ये टखना नहीं है, घुटना है. दिमाग को समझा." डोकं समजत नाही. गुडघा वाकवायचा विचार केला की जो गुडघा नाहीच तो वाकायला बघतो. मी रोज अर्धा तास आरशासमोर बसायचे. पाऊल खाली, पाय सरळ. पाऊल वर, पाय वाकला. साधारण दोन महिन्यांनी एकदा खुर्चीवरून उठताना ते आपोआप झालं. मला कळलंही नाही, दीदींना कळलं.

नकली पाय आला की आधी दोन दांड्यांमध्ये चालायचं, मग कुबड्या, मग काठी. मला काठी सुटायला वर्ष लागलं. कुणाला लवकर सुटते, कुणाला उशिरा. शेजारच्या पेशंटकडे बघून मोजू नका.

आज मी चालते, जिना चढते, बसमध्ये उभी राहते, थोडं पळते. पाय चढवलेला असताना मांडी घालून बसता येत नाही, काढला की बसते. इंडियन टॉयलेट जमत नाही, खुर्ची लागते. मे महिन्यात रायपुरच्या उन्हात आत घाम साचतो, पाय सटकतो, घासून लाल होतं. मग ऑफिसच्या बाथरूममध्ये पाय काढून पुसावा लागतो. पण आतमध्ये माझं स्वतःचं जिवंत पाऊल आहे, त्याला टोचलेलं कळतं, जमीन कळते. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला ते कळत नाही. हे सगळं मला एकविसाव्या वर्षी चांगलं माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

*

आम्ही सगळ्यांना ॲक्सिडेंट सांगितला होता. कॅन्सरही नाही आणि उलटा पायही नाही. ट्रकने धडक दिली, पाय गेला, नकली लावला. ही गोष्ट मीच बनवली. आई-बाबांनी ती पाठ केली. कुठे विचारलं तर बाबा ट्रकचा रंगसुद्धा सांगायचे. आईने माझ्यासाठी घेरदार सलवारी शिवायला घेतल्या, खाली जड काठ लावून, म्हणजे वाऱ्याने उडू नयेत.

मग गोंदियाला मामाच्या मुलीचं लग्न झालं. दुपारी बायकांच्या खोलीत सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या. मला पाय फार घासत होता, म्हणून मी कोपऱ्यात पाठमोरी होऊन तो काढला आणि वर ओढणी टाकली. मामीची चार वर्षांची नात खेळत खेळत आली आणि तिने ओढणी ओढली.

ती किंचाळली. "आजी, इचा पाय उलटा हाय! भूतनी हाय!"

मामीने पोरीला उचललं. तिला रागावली नाही, पाठीमागे लपवलं. माझ्यापासून. मी पाय चढवेपर्यंत सगळ्या दुसरीकडे पाहत होत्या आणि मला पट्टा सापडत नव्हता. आई खोलीच्या दारात हातात ताट घेऊन उभी होती.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "आता कोनालेच नाई दाखवायचा." मी म्हटलं, "हव."

*

त्यानंतर चारेक महिन्यांनी शीला दीदींचा फोन आला. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते.

"विशाखा, एक बच्ची है, चौदह साल की. धमतरी तरफ की. तेरे जैसा ही केस है. माँ नहीं है, पिताजी मान नहीं रहे. तू बस दस मिनट के लिए आजा. पट्टा खोलना, दिखाना, थोड़ा चल के दिखाना. जैसे मन्नू ने किया था."

मी म्हटलं, "दीदी, परीक्षा है." परीक्षा नव्हती.

"कल आजा. नहीं तो परसों. मैं उनको रोक के रखती हूँ. मन्नू आजकल बाहर है, नहीं तो तुझे तंग नहीं करती."

"देखती हूँ दीदी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. मी मशीनवर बसून आईला काजं करून देत होते. नाव पाहिलं आणि फोन आईकडे सरकवला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. आईने फोन उचलला आणि म्हणाली, "दीदी, वो तो नागपुर चली गई. हाँ, अचानक. मौसी के यहाँ."

ती हे बोलत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, कुणाचा तरी हिरवा ब्लाउज मशीनखाली धरून चाक फिरवत होते. फोन ठेवून आई कापड कापायला बसली. मी काजं पूर्ण केली. संध्याकाळ होईपर्यंत माझी खात्री झाली होती की डॉक्टर समजावतीलच, ते त्यांचं कामच आहे. माझ्या दहा मिनिटांनी काय होणार होतं?

*

वर्षाने माझा नकली पाय बदलायची वेळ आली. नकली पाय बनवणाऱ्या सेंटरमध्ये बाकावर माझ्या शेजारी एक माणूस बसला होता, खादीच्या बंडीतला, शेतावर राबलेले हात. त्याच्या पलीकडे त्याची मुलगी, कुबड्या मांडीवर आडव्या. उजवा पाय मांडीतूनच नव्हता. सलवारीचा तो पाय दुमडून सेफ्टी पिनने टाचला होता.

पाय बसवणारा माणूस दारात येऊन तिला सांगत होता, "हेमिन, पैर घर में पहनती नहीं क्या? ऐसे तो आदत कभी नहीं होगी." ती खाली पाहत म्हणाली, "गड़थे." बोचतो.

बाप माझ्याशी बोलायला लागला. इथे बाकावर सगळेच बोलतात. कुठून आलीस, पाय कसा गेला. मी ट्रकची गोष्ट सांगितली. तो हळहळला. मग त्याने स्वतःचं सांगितलं. मुलीला हाडाचा कॅन्सर झाला. डॉक्टर पाय उलटा करून लावू म्हणत होते.

"गाँव मा टोनही कइहीं, मैं डर्रागेंव," तो म्हणाला. टोनही म्हणजे चेटकीण. गाव मुलीला चेटकीण म्हणेल म्हणून तो घाबरला होता. "डॉक्टर मन कहे रिहिन, एक झन नोनी हे, आ के अपन गोड़ देखाही. हमन दू दिन अगोरेन. नइ आइस."

एक मुलगी येऊन स्वतःचा पाय दाखवेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. ती आली नाही. तो तक्रार करत नव्हता. बस चुकली तसं सांगत होता.

"फेर मैं कहेंव, काट दव."

मग मीच म्हटलं, कापून टाका.

मी सलवारीचा काठ खाली ओढला. आतून माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठून गेले. मी त्याला सांगितलं नाही. तेवढ्या वेळात मी चार वेळा तोंड उघडलं असेन. पाय मापून बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

*

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. ऐकताना तिने चाक हाताने थांबवलं.

"पाप मायं हाय," ती म्हणाली. "फोनवर मी बोलली."

"मी मान हलवली म्हणून बोलली तू."

"तू पोट्टी होती. मी तं माय होती ना. दुसऱ्याची पोट्टी मले काहून दिसली नाई?"

आम्ही दोघीही रडलो. तेव्हा मी तिच्याशी त्या लाथेबद्दलही बोलले. तिला ते आठवत नाही असं ती म्हणाली. मला माहीत आहे की तिला आठवतं.

बाबा ड्यूटीवरून आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तो ट्रक बंद करा आता. मले कटाळा आला त्या ट्रकचा."

दुसऱ्या दिवशी मी शीला दीदींना फोन केला आणि खरं सांगितलं, नागपूरसकट. त्या म्हणाल्या, "मुझे पता था. माँ फोन पर थी और पीछे मशीन चल रही थी." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "अगली बार आएगी?"

तेव्हापासून मी जाते. आतापर्यंत चार घरांना पाय दाखवला. तिघांनी हे ऑपरेशन करून घेतलं. चौथ्या मुलाच्या आजोबांनी नीट पाहिलं, आभार मानले, आणि कापायलाच सांगितलं. म्हणजे हेमिनच्या वडिलांनीही कदाचित तेच केलं असतं. हा विचार मला कधी कधी सुचतो, आणि तो इतका सोयीचा आहे की मी त्याला फार वेळ बसू देत नाही. त्यांनी काय केलं असतं ते ठरवायची संधी त्यांना द्यायची होती, आणि मी ती दिली नाही.

दर वेळी पट्टा सोडताना कान तापतात. लाज गेलेली नाही. पूर्वी पाय दिसेल म्हणून वाटायची, आता त्या खोलीत शिरले की हेमिनची वाटते. पालक विचारतात, लग्नाचं काय? मी सांगते, माझं झालेलं नाही, एक मुलगा पाहून गेला, त्याला सगळं सांगितलं, त्याने कळवलं नाही. खोटं सांगून धीर देत नाही. मुली वेगळंच विचारतात. पाळीच्या वेळी कसं करायचं, सायकल येईल का, सँडल कुठली घालायची. ते सगळं मला सांगता येतं.

*

हेमिनकडे जायला मात्र आणखी दोन वर्षं लागली. शीला दीदींनी आधी तिच्या वडिलांना फोन करून विचारलं होतं, एक मुलगी भेटायला येऊ इच्छिते, चालेल का. गेल्या महिन्यात, रविवारी, मी आणि आई बसने गेलो.

अंगणात धान वाळत घातलं होतं. वडिलांनी मला ओळखलं, ट्रकवाली म्हणून. खाट टाकली, पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच बोलले. बसमध्ये मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "भैया, वो लड़की मैं थी. जिसका आपने दो दिन रास्ता देखा. मैं रायपुर में ही थी. घर में बैठी थी."

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धानाकडे एक कोंबडी आली होती, तिला त्याने हाकललं. मग तो उठून घराच्या मागे गेला. आई त्याच्या मागे जायला निघाली, पण हेमिन म्हणाली, "जान दे." जाऊ दे त्यांना.

हेमिन आता सतरा-अठराची. बारावीची परीक्षा दिली आहे. कुबड्यांवर इतकी चपळ की मी बघत राहिले. नकली पाय आत खुंटीला टांगलेला होता. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"देखा," ती म्हणाली. दाखव.

मी पट्टा सोडला. पाय काढला, मोजा काढला. अंगणात लख्ख ऊन होतं आणि कुडाच्या पलीकडून दोन बायका पाहत होत्या. मी झाकलं नाही.

हेमिन किती तरी वेळ पाहत होती. मी पाऊल खाली केलं, वर केलं. तिने मला पुन्हा करायला सांगितलं. मग हात पुढे करून तळव्यावरून बोट फिरवलं, हलकेच. माझं पाऊल झटकन मागे गेलं.

ती एकदम हसली. "गुदगुदी लागथे?"

"हव," मी म्हटलं. "लागथे."

तिने बोट काढून घेतलं. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. तिने खाली स्वतःच्या मांडीकडे पाहिलं, जिथे सलवार दुमडून टाचलेली होती, आणि तीच बोटं त्या दुमडीवर ठेवून बसून राहिली.